इस्लामिक बँकेतील कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान कसे तपासावे आणि कसे वाढवावे

इस्लामिक बँकेतील कर्मचाऱ्यांच्या कार्यसमाधानाचा अभ्यास करायला बसलेल्याने सर्वप्रथम तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करावेत: माणूस या बँकेत का आला, आज तो आपल्या कामाविषयी काय अनुभवतो, आणि पुढे तो इथे टिकेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा श्रद्धेत सापडते. व्याजाच्या व्यवहारात आपला हात असू नये, कमाई हलाल असावी, ही इच्छा अनेकांना या क्षेत्राकडे घेऊन येते. मात्र येण्याचे कारण आणि राहण्यातले समाधान या निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले असे धरून चालणे, ही या क्षेत्रातील व्यवस्थापनाची माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे. ‘आमची माणसे निष्ठेने काम करतात’ हे विधान शब्दशः खरे असूनही त्याच माणसांच्या मनात पगार, बढती आणि वरिष्ठांची वागणूक यांविषयी खोल नाराजी साचलेली असू शकते.

एडविन लॉक यांनी १९७६ मध्ये केलेली व्याख्या आजही बहुतेक अभ्यासांचा आधार आहे. आपल्या कामाचे किंवा कामातील अनुभवांचे मूल्यमापन केल्यावर मनात उमटणारी सुखद भावावस्था म्हणजे कार्यसमाधान, असा तिचा आशय आहे. या व्याख्येत ‘मूल्यमापन’ हा शब्द कळीचा आहे, कारण मूल्यमापन करणारा कोणता तरी मापदंड हातात घेऊनच बसतो. इस्लामिक बँकेतील कर्मचाऱ्याच्या हातात दोन मापदंड असतात. इतर कोणत्याही बँकेतल्या माणसाप्रमाणे तो पगार, कामाचा ताण आणि सन्मान पाहतो. आणि त्याच वेळी बँक स्वतःविषयी जो दावा करते तो दररोजच्या व्यवहारात कितपत उतरतो, हेही तो जोखत असतो. पुढील सर्व मार्गदर्शन या दुहेरी मापदंडाला धरून आहे, आणि ते मनुष्यबळ विभागातील अधिकारी, शाखाप्रमुख तसेच या विषयावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहे.

आधी काम समजून घ्यावे

प्रश्नावली हातात घेण्यापूर्वी काही दिवस शाखेत बसून काम पाहावे. इस्लामिक बँकेतले काम साध्या बँकेसारखेच दिसते, पण त्यात काही सूक्ष्म आणि थकवणारे फरक आहेत, आणि समाधान-असमाधानाची मुळे बरीचशी तिथेच असतात.

मुराबहाचे उदाहरण घेऊ. ग्राहकाला यंत्र किंवा वाहन हवे असते. बँक ती वस्तू आधी स्वतः विकत घेते, तिची मालकी आणि जोखीम काही काळ तरी स्वतःकडे ठेवते आणि मग ठरलेला नफा मिळवून ती ग्राहकाला हप्त्यांवर विकते. यात क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे. ग्राहकाने वस्तू आधीच घेऊन टाकली असेल, किंवा विक्रेत्याच्या बिलावरची तारीख बँकेच्या खरेदीशी जुळत नसेल, तर कागदपत्रे कितीही नीटनेटकी असली तरी व्यवहार शरियाच्या, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या, कसोटीवर अडतो, आणि अशा व्यवहाराचा नफा उत्पन्नात न धरता दानधर्माकडे वळवावा लागू शकतो. हा क्रम सांभाळण्याची जबाबदारी शेवटी शाखेतल्या अधिकाऱ्यावर येते. एकीकडे घाईत असलेला ग्राहक, दुसरीकडे महिनाअखेरचे टार्गेट आणि तिसरीकडे शरिया पुनरावलोकनात येऊ शकणारा शेरा, अशा तीन ओढींमध्ये तो उभा असतो.

दुसरा फरक समजावून सांगण्याचा आहे. ‘हे व्याजच आहे, फक्त नाव बदलले आहे’ हा आक्षेप काउंटरवरचा कर्मचारी वारंवार ऐकतो. कधी तो व्याजाच्या बँकेची सवय असलेल्या ग्राहकाकडून येतो, तर कधी धर्माचा बारकाईने विचार करणाऱ्याकडून. उत्तर ठाऊक असले तर या संवादातून अभिमान वाटतो. उत्तर ठाऊक नसले, किंवा ठाऊक असूनही स्वतःलाच ते पटत नसले, तर हाच संवाद आतून पोखरतो. जगभरच्या विद्वानांचे प्रत्येक बाबतीत एकमत नाही, ही वस्तुस्थितीही कर्मचाऱ्याला झेलावी लागते. संघटित तवर्रुकला (ग्राहकाने वस्तू उधारीवर घ्यायची आणि बँकेने ती त्याच्यासाठी लगेच रोखीने विकून त्याला रोकड मिळवून द्यायची, या व्यवहाराला) आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिक्ह (इस्लामी कायदाशास्त्र) अकादमीने २००९ मध्ये अमान्य ठरवले, तर मलेशियात त्याला मान्यता असून त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. ज्या खात्यात हेच उत्पादन दिवसभर विकले जाते, तिथल्या माणसाच्या मनातील प्रश्नाकडे काणाडोळा करून त्याचे समाधान मोजता येणार नाही.

तिसरी बाब मनुष्यबळाच्या घडणीची आहे. इजिप्तमधील मित घमर येथे अहमद अल-नज्जार यांनी १९६३ मध्ये बचत बँकेचा प्रयोग केला. दुबई इस्लामिक बँक १९७५ मध्ये उभी राहिली आणि बँक इस्लाम मलेशिया १९८३ मध्ये. म्हणजे या व्यवसायाचे वय फार नाही. त्यामुळे अनेक वरिष्ठ अधिकारी व्याजाच्या बँकेत घडून इकडे आलेले असतात, तर शरिया विभागातील मंडळी मदरशातून किंवा विद्यापीठातील फिक्हच्या अभ्यासातून आलेली असतात. या दोन गटांची भाषा वेगळी, घाईची कल्पना वेगळी आणि ‘चांगले काम’ म्हणजे काय याची समजूतही वेगळी असते. ‘सहकारी’ हा घटक इथे तपासताना केवळ मैत्री विचारून भागत नाही. या दोन गटांमधले नाते विचारावे लागते.

कोणते घटक विचारात घ्यावेत

सर्वसाधारण घटक परिचित आहेत: कामाचे स्वरूप, पगार, बढती, वरिष्ठ, सहकारी, सवलती, कार्यपद्धती आणि अंतर्गत संवाद. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेली दोन घटकांची कल्पना इथे विचाराला चालना देते. पगार, धोरणे, देखरेख यांसारख्या बाबी बिघडल्या की असमाधान येते, पण त्या सुधारल्या म्हणून समाधान आपोआप उगवत नाही. ते यश, मान्यता, जबाबदारी आणि कामातल्या अर्थातून येते. या विभागणीवर नंतरच्या अभ्यासकांनी बरेच आक्षेप घेतले आहेत आणि ती तंतोतंत लागू पडते असे मी म्हणणार नाही. तरी तिचा एक इशारा इस्लामिक बँकेला नेमका लागू आहे. या बँकेत कामाला अर्थ मिळण्याची सोय आयती असते, आणि म्हणूनच पगार, पाळ्या, रजा या बाबींकडे दुर्लक्ष होण्याचा धोकाही अधिक असतो.

पगाराविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार पगाराची पातळी आणि एकूण कार्यसमाधान यांतील सहसंबंध (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) सुमारे ०.१५ इतकाच भरला, आणि खुद्द पगाराविषयीच्या समाधानाशीही तो सुमारे ०.२३ होता. म्हणजे रक्कम वाढवली की समाधान त्याच मापाने वाढते, हा समज टिकत नाही. मग बोचते काय? स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६० च्या दशकात मांडलेला समन्यायाचा सिद्धांत सांगतो, की माणूस आपले श्रम आणि मोबदला यांचे प्रमाण दुसऱ्याच्या प्रमाणाशी ताडून पाहतो. इस्लामिक बँकेतील कर्मचारी स्वतःला समोरच्या व्याजाच्या बँकेतल्या समकक्षाशी ताडतो, आणि त्याच बँकेतल्या दुसऱ्या विभागाशीही. श्रमिकाचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही प्रसिद्ध हदीस, म्हणजे प्रेषितांचे वचन, त्याला पाठ असते. जी संस्था न्यायाची भाषा बोलते तिच्याकडून न्यायाची अपेक्षा अधिक असते, आणि त्यामुळे तिथला लहानसा अन्यायही मोठा वाटतो.

वरिष्ठांचे वागणे हा घटक मी पगाराच्या वर ठेवीन. धोरण मुख्यालयात ठरते, पण कर्मचाऱ्याला बँक भेटते ती त्याच्या वरिष्ठाच्या रूपाने. शूरा म्हणजे सल्लामसलत, अमाना म्हणजे विश्वासाने सोपवलेली जबाबदारी आणि अद्ल म्हणजे न्याय, हे शब्द प्रशिक्षणात वारंवार येतात. रजेचा अर्ज, चुकीचा शेरा किंवा पाळीची वाटणी या प्रसंगी वरिष्ठ कसा वागतो त्यावरून ते शब्द खरे की पोकळ हे कर्मचारी ठरवतो.

आता या बँकेच्या खास घटकांकडे येऊ. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे दावा आणि आचरण यांतील अंतर. ते विचारण्यासाठी ‘आपली बँक शरियाचे पालन करते का’ असा सरळ प्रश्न टाकला तर जवळजवळ सगळे होकार देतील, कारण नकार देणे ही त्यांना तक्रार वाटेल किंवा पापाची कबुली वाटेल. त्याऐवजी प्रसंग विचारावा. उदाहरणार्थ: क्रम चुकल्यामुळे एका कर्मचाऱ्याने मुराबहाचा व्यवहार थांबवला आणि त्यामुळे त्या महिन्याचे त्याचे टार्गेट अपुरे राहिले, तर आपल्या शाखेत त्याच्या मूल्यांकनाचे काय होईल? या एका प्रश्नाच्या उत्तरातून जितके कळते तितके धर्मनिष्ठेवरच्या दहा विधानांतूनही कळत नाही.

त्यानंतर भूमिकेची स्पष्टता आणि ज्ञान. स्वतः विकत असलेल्या कराराची रचना कर्मचाऱ्याला कळते का, अडल्यावर विचारायला कोणी आहे का, आणि शरिया विभागाचे उत्तर ग्राहक निघून जाण्याआधी येते का? धार्मिक कर्तव्यांसाठी मिळणारी मोकळीक हाही घटक आहे: नमाजची जागा आणि वेळ, रमजानमधील कामाचे तास, शुक्रवारचे वेळापत्रक. याची नोंद थोडक्यात घेतली तरी चालते, कारण बहुतेक बँकांत सोय असते. फक्त कोणी एक नमाजला गेल्यावर त्याचा काउंटर कोण सांभाळतो आणि त्या व्यक्तीला त्याचे काय वाटते, हे विचारायला विसरू नये. इस्लामिक बँकांत इतर धर्मांचे कर्मचारीही असतात. बढतीच्या वाटा आपल्यासाठी खुल्या आहेत का, आणि सभा-समारंभांत आपल्याला सामावून घेतले जाते का, यावर त्यांचे समाधान अवलंबून असते.

इस्लामिक कार्यनीती मोजताना

अब्बास अली यांनी १९८८ मध्ये इस्लामिक कार्यनीतीची ४६ विधानांची मापनपट्टी मांडली आणि पुढे तिची १७ विधानांची संक्षिप्त आवृत्ती आली. या विषयावरच्या पुष्कळ प्रबंधांत हीच पट्टी वापरलेली दिसते. कष्ट, सहकार्य, न्याय आणि कामामागचा हेतू यांविषयीची तिची विधाने मननीय आहेत. तरी ती वापरण्यापूर्वी एक भेद पक्का करावा. ही पट्टी व्यक्तीची मूल्ये मोजते, बँकेचे आचरण मोजत नाही. एखाद्या अभ्यासात कार्यनीती आणि कार्यसमाधान यांत सकारात्मक संबंध आढळला, म्हणून ‘कर्मचाऱ्यांना नीतीचे धडे द्या म्हणजे ते समाधानी होतील’ असा सल्ला त्यातून काढणे चूक आहे. ज्याची मूल्ये पक्की आहेत त्याला बँकेतील पळवाट अधिक खुपते. म्हणून कार्यनीतीच्या पट्टीसोबत दावा आणि आचरण यांतील अंतराचा प्रश्न ठेवावा, आणि हे अंतर मोठे असताना कार्यनीतीचा समाधानावरील परिणाम बदलतो का, हे तपासावे. माझ्या मते नव्या संशोधकाने आपली शक्ती इथे लावावी, कारण केवळ ‘संबंध आहे’ हे पुन्हा एकदा सिद्ध करण्याने कोणाच्याही कामाचा दिवस सुधारत नाही.

दुसरी अडचण सामाजिक अपेक्षेची आहे. आळस वाईट आहे का, असे विचारल्यावर नाही म्हणणारा विरळा. सगळी उत्तरे वरच्या टोकाला गोळा झाली तर पट्टी माणसामाणसांत फरक दाखवू शकत नाही. पूर्वचाचणीत हे दिसले, तर तिच्या निष्कर्षांवर फार भार टाकू नये.

साधन निवडताना

तयार प्रश्नावल्यांपैकी तीन विशेष वापरात आहेत. १९६९ चा जॉब डिस्क्रिप्टिव्ह इंडेक्स काम, पगार, बढती, देखरेख आणि सहकारी अशा पाच बाजू मोजतो. पॉल स्पेक्टर यांचा १९८५ चा जॉब सॅटिस्फॅक्शन सर्व्हे ३६ विधानांतून नऊ बाजू मोजतो. प्रत्येक बाजूसाठी चार विधाने आणि प्रत्येक विधानाला सहा पर्याय असल्याने एकूण गुण ३६ ते २१६ यांदरम्यान येतात. १०८ पर्यंत असमाधान, १४४ पासून वर समाधान आणि मधला पट्टा दुविधेचा, असे स्थूल वाचन केले जाते. तिसरी मिनेसोटा प्रश्नावली १९६७ ची असून तिच्या संक्षिप्त आवृत्तीत २० विधाने आहेत.

आपल्या कामासाठी मला तिसरीतले एक विधान मोलाचे वाटते. विवेकाला न पटणारे काम करावे लागत नाही, याविषयीचे समाधान ती थेट विचारते. व्याजाच्या बँकेत हे विधान वीसांतले एक असते. इस्लामिक बँकेत मात्र ते गाभ्याशी आहे. एका विधानावर निष्कर्ष उभा राहत नाही, म्हणून त्या धर्तीची आणखी तीन-चार विधाने स्वतः रचावीत आणि त्यांची वेगळी चाचणी घ्यावी. बाजूनिहाय चित्र हवे असेल, तर स्पेक्टर यांची प्रश्नावली आणि तिला जोडलेला स्वतःचा खास विभाग, हा मार्ग बहुतेक बँकांना पुरेसा ठरतो. वापरण्यापूर्वी प्रश्नावलीच्या परवानगीच्या अटी वाचून घ्याव्यात.

भाषांतराचे काम हलक्यात घेऊ नये. एकाने भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणावे आणि दोन्ही ताडून पाहावे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत अजूनही विश्वासार्ह आहे. नकारार्थी विधाने भाषांतरात हमखास अडखळतात, आणि गुण देताना ती उलटवायची राहून गेली तर सगळा हिशेबच उलटा होतो. अंतिम मसुदा वीस-तीस जणांना देऊन, कुठे थांबून विचार करावा लागला हे त्यांना तोंडी विचारावे.

विचारण्याची पद्धत

उत्तर देणाऱ्याला भीती वाटली तर उत्तम प्रश्नावलीही वाया जाते. म्हणून कर्मचारी क्रमांक, ईमेल किंवा नेमकी जन्मतारीख विचारू नये. वय आणि सेवाकाल गटांमध्ये विचारावेत. शाखा लहान असेल तर ‘स्त्री, शरिया विभाग, सेवा तीन वर्षे’ एवढ्यानेही व्यक्ती ओळखता येते, म्हणून कोणत्याही गटात दहापेक्षा कमी उत्तरे आली तर त्या गटाचा अहवाल वेगळा देऊ नये, हे आधीच जाहीर करावे आणि पाळावे. उत्तरे गोळा करण्याचे काम शाखाप्रमुखाकडे कधीही सोपवू नये.

नमुना निवडताना काउंटर, वित्तपुरवठा, वसुली, शरिया विभाग आणि मुख्यालय असे थर करावेत. वसुलीला अनेकदा वगळले जाते, आणि ते मला फार खटकते. इस्लामिक बँकेत उशिरा भरलेल्या हप्त्यावरचा दंड बँकेला सहसा उत्पन्न म्हणून ठेवता येत नाही, तो दानासाठी वेगळा काढला जातो. अडचणीतल्या ऋणकोला सवलत देण्याची शिकवण आणि थकबाकी कमी करण्याचे टार्गेट ही दोन्ही ओझी वसुली अधिकाऱ्याच्या खांद्यावर एकाच वेळी असतात. तो वगळला गेला तर सर्वांत तणावाचे काम करणारा माणूसच चित्रातून नाहीसा होतो.

वेळही विचारपूर्वक निवडावी. रमजान, बोनस जाहीर होण्याचा आठवडा आणि वर्षअखेर टाळावी. प्रश्नावलीनंतर काही मोजक्या मुलाखती घ्याव्यात आणि त्यांत मतांऐवजी घटना विचाराव्यात: गेल्या तीन महिन्यांत कोणत्या दिवशी या बँकेत असल्याचा आनंद वाटला, आणि कोणत्या दिवशी घरी जाताना जड वाटले? बँक सोडून गेलेल्यांशीही बोलावे. ते मोकळेपणाने बोलतात, आणि श्रद्धेने आलेला माणूस शेवटी कशामुळे गेला हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही.

आकडे वाचताना

प्रत्येक बाजूच्या विधानांची अंतर्गत सुसंगती (ती एकमेकांशी किती जुळतात हे) क्रॉनबॅक अल्फा या अंकाने तपासावी, ०.७० च्या आसपास किंवा वर असेल तर पुढे जावे. त्यानंतर घटकांची सरासरी पाहून थांबू नये. ज्या घटकाचे गुण कमी आहेत आणि ज्याचा एकूण समाधानाशी संबंधही बळकट आहे, तो आधी हाताळायचा. पार्किंगविषयी सगळे नाराज असू शकतात, पण त्याने एकूण समाधान फारसे हलत नसेल, तर त्याला पहिला क्रमांक देण्याचे कारण नाही. कर्मचाऱ्यांनाच ‘तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे काय’ असे विचारले तर पगार वर येण्याचा संभव असतो. आकड्यांतला संबंध पुष्कळदा वेगळीच बाजू दाखवतो, म्हणून दोन्ही जवळजवळ ठेवून वाचावे.

समाश्रयण (रिग्रेशन, म्हणजे अनेक घटकांचा परिणाम एकत्र मोजण्याची पद्धत) वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, की वरिष्ठ, संवाद आणि मान्यता हे घटक एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांपैकी एकाचा गुणांक लहान आला म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. सगळी उत्तरे एकाच व्यक्तीकडून, एकाच बैठकीत घेतली असतील तर संबंध फुगलेले दिसतात. शक्य असेल तर घटकांचे प्रश्न आणि समाधानाचे प्रश्न काही आठवड्यांच्या अंतराने विचारावेत, आणि गळती किंवा रजा यांसारख्या नोंदींशी ते जोडून पाहावेत. समाधानी माणूस आपोआप जास्त काम करतो, असेही व्यवस्थापनाला सांगू नये. जज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केलेल्या विस्तृत विश्लेषणात समाधान आणि कामगिरी यांतील सहसंबंध सुमारे ०.३० आढळला. हा संबंध दखल घेण्याजोगा आहे, पण त्याच्या जोरावर नफ्याची हमी देता येत नाही.

एकाच वेळच्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे अहवालात स्पष्ट लिहावे.

निष्कर्षांवरून कृतीकडे

सुधारणेची सुरुवात मूल्यांकनाच्या तक्त्यापासून करावी. शरियाच्या कारणाने थांबवलेला व्यवहार नोंदवण्यासाठी त्यात स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि तो व्यवहार टार्गेटच्या तुटीत धरला जाणार नाही असे लेखी कळवावे. यात खर्च जवळजवळ नाही. तरीही बँक जे बोलते ते पाळते, हे कर्मचाऱ्याला या एका बदलाने जितके पटेल तितके कोणत्याही व्याख्यानाने पटणार नाही. प्रोत्साहन भत्ता केवळ विक्रीच्या रकमेवर बेतलेला असेल, तर त्यातला काही भाग कागदपत्रांच्या अचूकतेला आणि पुनरावलोकनात शेरा न येण्याला द्यावा.

ज्ञानाच्या बाबतीत एका मोठ्या प्रशिक्षणापेक्षा दर आठवड्याची अर्ध्या तासाची बैठक अधिक उपयोगी पडते. तिच्यात त्या आठवड्यात ग्राहकांनी विचारलेले अवघड प्रश्न घ्यावेत आणि शरिया विभागातील व्यक्तीने समोर बसून उत्तरे द्यावीत. विद्वानांत जिथे मतभेद आहेत तिथे ते लपवू नयेत. आपल्या शरिया मंडळाने कोणते मत का स्वीकारले, हे सांगावे. कर्मचाऱ्याला पटलेले उत्तर ग्राहकालाही पटण्याची शक्यता अधिक असते. अडलेल्या प्रश्नाला शरिया विभागाकडून किती तासांत उत्तर येईल याची मुदत ठरवावी आणि ती पाळली जाते का हे दरमहा पाहावे. दोन गटांमधली अढी अशा रोजच्या कामातूनच सैल होते.

करिअरचा मार्ग कागदावर स्पष्ट दिसायला हवा. बहरीनमधील आयोफी ही मानके ठरवणारी संस्था शरिया सल्लागार आणि लेखापरीक्षक यांच्यासाठी प्रमाणपत्र परीक्षा घेते, तर मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने २००५ मध्ये इस्लामिक वित्ताच्या शिक्षणासाठी इन्सेफ ही संस्था सुरू केली. त्याच मध्यवर्ती बँकेच्या २०१० च्या शरिया सुशासन चौकटीने पुनरावलोकन, लेखापरीक्षण, जोखीम आणि संशोधन अशी स्वतंत्र कार्ये अपेक्षित केली, आणि त्यामुळे शाखेतल्या माणसालाही विक्रीपलीकडे जाण्याची वाट दिसू लागली. बँकेने परीक्षेचे शुल्क भरावे, अभ्यासाची रजा द्यावी, आणि उत्तीर्ण झाल्यावर त्या ज्ञानाचा उपयोग होईल असे काम द्यावे. प्रमाणपत्र मिळवूनही माणूस त्याच काउंटरवर राहिला, तर समाधान पूर्वीपेक्षा खाली जाऊ शकते.

सवलतींमध्ये घरासाठी किंवा अडीअडचणीसाठी मिळणारे अर्थसाहाय्य आणि भविष्य निधी महत्त्वाचे आहेत. कर्मचाऱ्याला स्वतःच्या गरजेसाठी व्याजाच्या बँकेकडे जावे लागत असेल, किंवा त्याचा भविष्य निधी व्याजी रोख्यांत गुंतलेला असेल, तर त्याला आपल्या बँकेचा दावा अपुरा वाटणारच. कर्जे-हसनाचा (बिनव्याजी कर्जाचा) छोटा निधी आणि घटत्या मुशारकावर (बँक व ग्राहक यांच्या सामायिक मालकीतील बँकेचा वाटा ग्राहकाने हळूहळू विकत घेण्यावर) आधारित गृहसाहाय्य या सोयी आधी घरातल्या माणसांना मिळाव्यात.

बँक व्याजाच्या पद्धतीकडून पूर्णपणे इस्लामिक पद्धतीकडे वळत असेल, तर अधिक दक्षता लागते. पाकिस्तानातील फैसल बँकेने असे रूपांतर पूर्ण करून १ जानेवारी २०२३ पासून संपूर्ण इस्लामिक बँक म्हणून काम सुरू केले. अशा काळात वीस वर्षांचा अनुभव असलेला अधिकारी एकाएकी नवशिका होतो, आणि त्याचा सन्मान दुखावला जातो. त्याच्या जुन्या कौशल्यांपैकी काय उपयोगी राहणार आहे हे त्याला आधी सांगावे, मग नवीन शिकवावे, आणि पहिल्या सहामाहीतील चुका मूल्यांकनात धरू नयेत.

इतर धर्मांच्या कर्मचाऱ्यांशी यातील प्रत्येक विषयावर स्वतंत्रपणे बोलावे. कराराचे ज्ञान कोणीही मिळवू शकतो. जी पदे खरोखरच फिक्हच्या अभ्यासाची अट मागतात ती जाहीर करावीत, म्हणजे उरलेल्या सर्व पदांविषयीचा संशय संपेल.

पाहणीनंतर सहा आठवड्यांच्या आत निष्कर्ष सर्व कर्मचाऱ्यांसमोर मांडावेत. त्यांतून दोन किंवा तीनच बाबी हाती घ्याव्यात, प्रत्येकीसमोर जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि तारीख लिहावी, आणि जे यंदा करता येणार नाही त्याचे कारणही त्याच पानावर द्यावे. वर्षभराने तीच प्रश्नावली, तेच थर आणि तोच महिना ठेवून पाहणी पुन्हा करावी, आणि पहिल्या प्रश्नासमोर गेल्या वर्षी दिलेल्या आश्वासनांची यादी छापून त्यांतले काय पूर्ण झाले हे कर्मचाऱ्यांनाच विचारावे.